शेतमालासाठी जुनी टाटा ४०७ (छोटा ट्रक) घेतली, दोन सीझन वापरली, त्याचा अनुभव

आमची निफाड तालुक्यात सहा एकर जमीन, कांदा आणि टोमॅटो, थोडी सोयाबीन. कांद्याचं ट्रॅक्टर ट्रॉलीवर भागतं, लासलगाव जवळ आहे, उशीर झाला तरी कांदा काय थांबतो. खरी अडचण टोमॅटोची. तोडा संपायला दुपारचे तीन वाजतात, पिंपळगावला वेळेत पोचलं तर बरा भाव, उशीर झाला की शेवटच्या लिलावात माल जातो आणि कॅरेटमागे फटका बसतो. भाड्याचा पिकअपवाला सीझनमध्ये चार ठिकाणी कबूल केलेला असतो, त्याला तरी काय बोलणार. म्हणून ठरवलं की आपलीच जुनी गाडी घ्यायची, बजेट साडेचार लाख, त्यात सुरुवातीची दुरुस्ती पण आली पाहिजे.

तीन महिने गाड्या बघितल्या. शेवटी २०१२ ची टाटा ४०७ घेतली, सहा टायर, दहा फुटी हौदा, ३ लाख ४० हजारात. दोन सीझन झाले, आता खात्रीने सांगतो की शेतकऱ्यासाठी ही गाडी घेण्यासारखी आहे, पण कुठली ४०७ घेताय त्यावर सगळं आहे.

आधी पिकअप का नाही ते सांगतो. पिकअप पळायला हलकी, गावातल्या बोळातून निघते, डिझेल कमी खाते, आणि ज्यांचा माल टनभराच्या आसपास आहे त्यांनी खुशाल पिकअपच घ्या. आमचा एका तोड्याचा माल शंभर कॅरेट. वीस किलोचं कॅरेट, त्यात रिकाम्या कॅरेटचं वजन धरलं की सव्वादोन टनापर्यंत जातं. एवढं पिकअपवर टाकणारे खूप आहेत, मी पण बघतो रोज, पण म्हणूनच सेकंडहँड बाजारात येणाऱ्या पिकअपचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, उताणे झालेले असतात आणि चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, पट्ट्या मारलेल्या असतात. गाडी झेपेल तेवढंच वजन घेणारी पाहिजे. कुठलीही गाडी बघताना आरसीवरचं एकूण वजन आणि रिकामं वजन बघा, एकातून दुसरं वजा करा, तेवढाच तुमचा माल. दलाल तोंडाने काय सांगतो ते सोडून द्या.

४०७ ही १९८६ पासून रस्त्यावर आहे. त्या काळात डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा, आयशर अशा जपानी जोडीच्या गाड्या आल्या होत्या, त्यांच्यासमोर ही टिकली आणि अजून बनते. याचा आपल्याला फायदा काय, तर निफाड सोडा, छोट्या गावातल्या मिस्त्रीने पण हिचं इंजिन हजारदा खोललेलं असतं आणि पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो. तोडा चालू असताना गाडी चार दिवस पार्टसाठी उभी राहिली तर काय होतं हे टोमॅटोवाल्याला सांगायला नको.

माझ्या गाडीला डिझेलचा साधा पंप आहे, कॉमन रेल म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवरची नवी पद्धत नाही, आणि मी मुद्दाम तशीच शोधली. साध्या पंपाचं आणि नोझलचं काम आमच्याकडे होतं. कॉमन रेलला सेन्सर आले, स्कॅनर लागतो, मग नाशिकला न्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाड्या धुराच्या बाबतीत चांगल्याच आहेत, पण त्यांच्या धूर साफ करायच्या यंत्रणेला जपावं लागतं आणि त्या आपल्या बजेटमध्ये बसत पण नाहीत. शेतावर सीझनला चार महिने जोरात आणि बाकी वेळ उभी अशी गाडी असेल तर जेवढी साधी तेवढी बरी.

आता बघायचं काय. लोक आधी बोनेट उघडतात, इंजिनचा आवाज ऐकतात. मी म्हणतो आधी गाडीखाली आडवे व्हा. इंजिन गावात बांधून मिळतं, वाकलेली चेसी मिळत नाही. केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांचे हँगर बसतात तिथे वेल्डिंग, नवी पट्टी किंवा तेवढ्याच भागाला ताजा रंग दिसला तर उठा आणि घरी या. टेप घेऊन चेसीचे दोन्ही तिरके कर्ण मोजा, फरक आला तर गाडी कुठेतरी आपटलेली आहे. पुढचे टायर एकाच बाजूने खाल्लेले असतील तरी शंका घ्या. टायरवर चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा, त्यावरून टायर किती जुने ते कळतं. नक्षी दिसते पण रबर मेलेला असतो.

गाडी आधी कशावर चालली ते विचाराच. वाळूवर चाललेली घेऊ नका, ओली वाळू भरून भरून चेसी आणि क्राऊनचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरचा) जीव गेलेला असतो. मासळी आणि मिठावरची आतून गंजते. मी घेतली ती किराणा होलसेलची होती, वजन बेताचं, रस्ता डांबरी, हौद्याचे फाळके (बाजूच्या फळ्या) पण सरळ होते.

मग इंजिन. सकाळी जा आणि आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावा, गरम लागलं तर थंड इंजिन स्टार्ट होत नाही म्हणून आधीच चालू केलेली असू शकते. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढा, तिथून भकाभका धूर आला तर पिस्टन-रिंगचं काम जवळ आलंय. क्लचसाठी हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा, इंजिन बंद पडलं पाहिजे, चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. आणि रिकाम्या गाडीची ट्रायल ही ट्रायलच नाही, मी घासाघीस करून चाळीस गोण्या भरायला लावल्या आणि चढावर नेली, तेव्हाच तिसऱ्या गिअरची तक्रार कळली, त्याचे बारा हजार कमी झाले.

एवढं करून पण मी एका ठिकाणी चुकलो. ब्रेक दाबून बघितला, लागला, खूश झालो, चाकं खोलून बघितली नाहीत. पंधरा दिवसांनी शंभर कॅरेट भरून उतारावर पेडल खाली गेलं. गिअरवर थांबवली, कुणाला काही झालं नाही, पण बायको शेजारी बसलेली होती आणि तो क्षण अजून विसरत नाही. मागच्या चाकातले ब्रेकचे व्हील सिलिंडर गळत होते, ब्रेक लायनर तेलात भिजलेले, आधीच्या मालकाने नुसतं ब्रेक ऑइल वाढवून गाडी विकली होती. म्हणून कळकळीने सांगतो, गाडी घेतल्या दिवशीच, पहिला माल भरायच्या आधी, चारही बाजूचे ड्रम खोलून घ्या. ब्रेक, क्लच प्लेट, पाट्यांचे बुश आणि दोन टायर मिळून मला ८५ हजार लागले. म्हणजे गाडी सव्वाचार लाखाला पडली. बजेट करताना किमतीच्या पाव भाग तरी दुरुस्तीला बाजूला ठेवा.

कागदाचं थोडक्यात सांगतो पण हे सगळ्यात महत्त्वाचं. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून पासिंग (फिटनेस), टॅक्स, विमा, चलन आणि बँकेचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चेसी नंबरची पेन्सिलने छाप स्वतः घ्या आणि आरसीशी जुळवा. नावावर झाल्यापासून चौदा दिवसात विमा पण नावावर करायला टाका. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग लागतं, आपल्या राज्यात पर्यावरण कर पण भरावा लागतो, आणि पंधरा वर्षं झाली की पासिंगची फी खूप वाढते, म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून उडी मारू नका, पुढचा हिशोब करा. ४०७ चं एकूण वजन ३००० किलोच्या वर असल्याने परमिट लागतं, छोट्या हत्तीसारख्या गाडीला लागत नाही. लायसन्सची मात्र काळजी मिटली, ७५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

ओढायच्या कामाबद्दल भरपूर जण विचारतात. चिखलात फसलेली पिकअप काढणं, बंद पडलेली गाडी टोचन करून गॅरेजला नेणं, हे ४०७ आरामात करते, मागे माल असेल तर चाकं घसरत पण नाहीत. दोर चेसीच्या हुकालाच बांधा, बंपरला नाही. पण पाण्याचा टँकर किंवा ट्रॉली कायमची मागे जोडायचा विचार असेल तर ते ट्रॅक्टरचं काम आहे. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते आणि क्लचचं आयुष्य जातं ते वेगळंच.

वापरताना कसं वाटतं तर भरलेली असली की गाडी जमिनीला धरून चालते, रिकामी असली की पाट्यांवर उडते, कंबर दुखणाऱ्या माणसाने आधी चालवून बघावी. पॉवर स्टेअरिंग असलेलीच शोधा. ॲव्हरेज मला भरून आठ-नऊ आणि रिकामी दहा-अकरा मिळतं. ग्रीसिंग महिन्यातून एकदा नेमाने करतो, सीझनला दोनदा.

यंदा ऑगस्टपासून एकही तोडा उशिरा पोचला नाही. शेजारच्या दोघांचा माल पण आपल्याच गाडीत जातो, ते डिझेल वाटून घेतात. साडेतीनला गाडी निघते, पाचच्या आत पिंपळगावला रांगेत लागते.