410 फुटांचा गाळा, टेप लावली तर 262

19 वर्षं अकाउंट्समध्ये काढली. लोकांची बिलं रुपयाला रुपया जुळवली. आणि स्वतःसाठी दुकान भाड्याने घेताना साधी टेप नेली नाही. लाज वाटते, तरी लिहितोय.

पिंपळे सौदागरमध्ये सोसायटीखालचं शॉपिंग कॉम्प्लेक्स. स्टेशनरी-झेरॉक्ससाठी गाळा हवा होता. एजंट म्हणाला, 410 फूट, 95 चा भाव, महिना 38,950. आतल्या बाजूच्या गाळ्याला एवढं? "सर, मागे सुपरमार्केट येतंय, सह्या झाल्यात. त्यांचं गिऱ्हाईक तुमच्या दारावरूनच जाणार. नंतर 130 नेही मिळणार नाही." आता यात न पटण्यासारखं काय होतं? फ्रंटेज, पार्किंग आणि शेजारी कोण, यावरच तर अशा ठिकाणी भाडं ठरतं.

मागच्या बंद शटरवर 'लवकरच येत आहे' असा फ्लेक्स होता. नाव कुणाचंच नाही. लाल रंग उन्हाने पार गुलाबी पडलेला, वरच्या कडेला कबुतरांची घाण. नवा फ्लेक्स असा दिसतो? त्याच्यासमोर उभं राहून मी एजंटच्या पैशाने कटिंग प्यायलो! शेजारच्या टेलरला नंतर विचारलं. "त्याला दोन दिवाळ्या झाल्या की."

अंगठा, फोटो, करार झाल्यावर रॅकवाला माप घ्यायला आला. "साहेब, हे 262 भरतंय." करारात 410 च्या पुढे 'बिल्टअप' लिहिलेलं होतं, म्हणजे भिंती वगैरे धरून. म्हणजे वापरायच्या जागेचा भाव पडला 149. भाव कारपेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच बोला, आणि टेप आपली न्या.

सातव्या महिन्यात सोडलं. डिपॉझिट 2,33,700. त्यातून लॉक-इनच्या (ज्या मुदतीआधी सोडता येत नाही तिच्या) उरलेल्या पाच महिन्यांचे 1,94,750 आणि रंगाचे 18,000 कापून हातात 20,950. दलालीचे 38,950 वेगळे.

चौकीत म्हणाले, सही तुमचीच ना, दिवाणी मामला आहे. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, तर पोच द्यायला शिक्का सापडेना! ग्राहकांच्या तक्रारी घेणारे म्हणाले, हा धंद्याचा व्यवहार. रेराचं, म्हणजे बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाचं विचारलं, तर ते विकत घेणाऱ्यांसाठी. भाडेकरूने जायचं कुठे? वकिलाने नोटिशीचेच 5,000 सांगितले.

शेजारी कुणी मोठा दुकानदार येणार असेल तर 'तो सुरू होईपर्यंत भाडं इतकंच' हे करारात लिहून घ्या, तोंडी नको. संध्याकाळी सातला तासभर दारात उभं राहून माणसं मोजा. मी गेलो होतो सकाळी अकराला.

परवा तोच गाळा पुन्हा जाहिरातीत दिसला. आता 420 फूट आहे म्हणे.