कॅम्पसबाहेरचं घर शोधून देणाऱ्या सेवा: कोण कितपत कामाचं

अमेरिकेत एमएसला निघालेल्या मुलांचा घरशोध बहुतेकदा एखाद्या मोठ्या लिस्टिंग संकेतस्थळावर सुरू होतो आणि व्हॉट्सॲपच्या गटात संपतो. या सगळ्यात सर्वांत उपयोगाची सेवा म्हणजे विद्यापीठाचं ऑफ-कॅम्पस हाउसिंग ऑफिस. ती फुकट असूनही तिकडे फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

या ऑफिसचं पोर्टल तसं साधारणच असतं. अनेक विद्यापीठं ते बाहेरच्या कंपनीकडून चालवून घेतात, घरमालक पैसे भरून जाहिरात टाकतात, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की घराची हमी विद्यापीठ घेत नाही. तरी एक मोठा फायदा आहे. रूममेट आणि सबलीजच्या (भाडेकरूने आपली जागा पुढे भाड्याने देण्याच्या) विभागात जायला बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचं लॉगिन लागतं, त्यामुळे तिथे भामटे कमी घुसतात. खरा उपयोग मात्र पोर्टलमागच्या माणसांचा. शँपेन-अर्बानाला इलिनॉय विद्यापीठाचं असं ऑफिस सही करण्याआधी लीज (भाडेकरार) वाचून देतं आणि कुठल्या घरमालकाविरुद्ध तक्रारी आल्यात तेही सांगतं. मिशिगन, पेन स्टेट, टेक्सस ए अँड एम अशा बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वकिलांचं वेगळं कार्यालय असतं आणि त्याचा खर्च बहुधा फीमधूनच वळता झालेला असतो. लीजची पीडीएफ त्यांच्याकडे सहीच्या आधी पाठवायची, नंतर नाही. सही झालेल्या लीजवर वकीलही फक्त मान हलवू शकतो.

मर्यादाही माहीत असाव्यात. भर हंगामात अपॉइंटमेंट मिळायला दिवस जातात. प्रवेश पक्का झालाय पण नोंदणी बाकी आहे, अशा मुलांना काही ठिकाणी ही सेवा मिळत नाही. ईमेल करून आधी विचारावं. दोन विद्यार्थ्यांमधल्या भांडणात, म्हणजे रूममेटने भाडं बुडवलं वगैरे, हे वकील सहसा कुणाचीच बाजू घेत नाहीत.

खाटेवर भाडं घेणारी संकुलं

नव्याने येणाऱ्या मुलाला सगळ्यांत सोपी वाटते ती ही सेवा. चार बेडरूम, चार बाथरूम, फर्निचर आत, जिम खाली, सही मोबाइलवरून. लीज प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे शेजारच्या खोलीतला मुलगा सेमिस्टर अर्धवट सोडून गेला तरी त्याचं भाडं तुमच्या डोक्यावर येत नाही. इथली क्रेडिट हिस्टरी नसलेल्यांना घर कसं द्यायचं हेही यांना पाठ असतं: अमेरिकेतला हमीदार आणा, नाहीतर हमी देणाऱ्या कंपनीला शुल्क भरा, नाहीतर काही महिन्यांचं भाडं आगाऊ द्या. कंपनीचं शुल्क परत मिळत नाही, ते खर्चातच धरायचं. आगाऊ भाड्यावर काही राज्यांत मर्यादा आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये सुरुवातीला पहिला महिना, शेवटचा महिना, एका महिन्याचं डिपॉझिट आणि कुलूप बदलण्याचा खर्च, यापलीकडे मालक मागू शकत नाही.

आता जाहिरातीतल्या आकड्याकडे या. तो 'भाडं' म्हणून छापलेला असतो, पण लीजमध्ये शब्द असतो 'इन्स्टॉलमेंट', आणि पैसा तिथेच मुरतो. समजा हप्ता 900 डॉलर, हप्ते 12, एकूण 10,800. लीज मात्र 20 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपते, म्हणजे 346 दिवस. तीस दिवसांच्या महिन्याला हे सुमारे 936 डॉलर पडतात. त्यात वीज वेगळी, कचरा उचलण्याचं आणि कीटकनाशकाचं मासिक शुल्क वेगळं, पार्किंग वेगळं, भाडं ऑनलाइन भरण्याचंही शुल्क काही ठिकाणी वेगळं. लीजिंग ऑफिसला एकच प्रश्न ईमेलवर विचारावा: पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी एकूण किती पैसे देणार, सगळी सक्तीची शुल्कं धरून? उत्तरात आकड्याऐवजी "पर्सनल टूर घेऊया का" असं आलं, तर काय ते समजून जावं.

उरलेले एकोणीस दिवस हा वेगळाच घोर. त्याच संकुलात दुसरी खोली घेतली तरी जुनी लीज जुलैअखेर संपते आणि नवी ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होते. मधे सामान घेऊन कुठे जायचं ते तुमचं तुम्ही बघायचं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमध्ये गावातल्या बहुतेक लीज 14-15 ऑगस्टच्या आसपास एकाच झटक्यात बदलतात आणि दरवर्षी कितीतरी मुलं एक रात्र बिनघरची काढतात. भारतातून येणाऱ्याने तारखा उलट्या दिशेने जुळवाव्यात. विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर कोर्स सुरू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त 30 दिवस देशात येता येतं, पण लीज सुरू व्हायच्या आधी आलात तर हॉटेलचा खर्च तुमचा.

सही करताना तुम्ही खोलीवर नाही, 'फ्लोअर प्लॅन'वर, म्हणजे खोल्यांच्या रचनेच्या प्रकारावर, सही करता. खोलीचा नंबर येण्याच्या थोडे दिवस आधी कळतो, आणि कंपनीला तुम्हाला दुसऱ्या युनिटमध्ये हलवण्याचा अधिकार बऱ्याच लीजमध्ये असतो. रिकाम्या खाटेवर ती कुणालाही आणू शकते. हॉलमधली भिंत फुटली आणि कुणी कबूल झालं नाही, तर खर्च चौघांत सारखा वाटला जातो. नवं बांधकाम असेल तर इमारत वेळेत तयार न झाल्यास काय, याबद्दलचं कलम शोधून वाचावं. काही लीजमध्ये अशा वेळी कंपनी हॉटेलात ठेवते आणि हप्ता चालूच राहतो, काहींत नुसती वाट बघायची असते. मधेच सोडायचं ठरवलं तर 'रीलेट'चं शुल्क भरून बदली माणूसही तुम्हीच आणायचा, आणि तिकडे ऑफिस आपल्या रिकाम्या खाटा आधी विकत असतं.

अशा संकुलांची परीक्षणं वाचायचीही एक रीत आहे. टूरच्या हंगामात पाच ताऱ्यांची रांग लागते, आणि प्रत्येकात लीजिंग ऑफिसमधल्या एखाद्या मुलीचं नाव असतं. ती सोडून द्यावी. ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यातली वाचावी, तेव्हा मुलं घाणेरडी खोली बघून लिहीत असतात. मग सप्टेंबरमधली, तेव्हा डिपॉझिटचा हिशेब हातात आलेला असतो. आणि शोध नावाने नाही, पत्त्याने घ्यावा. संकुलं विकली जातात, पाटी बदलते, जुन्या नावाबरोबर जुन्या तक्रारीही नजरेआड होतात.

गावातल्या कंपन्या आणि जुनी लाकडी घरं

दर बहुधा कमी, अंतर बहुधा कमी, आणि लीज धोक्याची. पाच जणांचं घर असेल तर लीजही पाच जणांची मिळून एकच असते, आणि तीत 'जॉइंटली अँड सेव्हरली' हे दोन शब्द असतात. अर्थ सरळ आहे: एकाने भाडं थकवलं तर मालक ते उरलेल्या कुणाकडूनही, हवं तर एकट्याकडून, पूर्ण वसूल करू शकतो. म्हणून अनोळखी चौघांबरोबर अशी लीज करण्याआधी आपसांत एक साधा लेखी करार करावा. खोली कुणाची कुठली, कोण किती देणार, सोडून जाणाऱ्याने बदली माणूस आणायचा की नाही, एवढं पानभर पुरतं. मालकाला तो बंधनकारक नसतो, पण स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या) कोर्टात रूममेटविरुद्ध उभं राहायची वेळ आली तर तोच हाताशी येतो.

बऱ्याच गावांत नात्यात नसलेल्या किती माणसांनी एका घरात राहावं यावर नगरपालिकेची मर्यादा असते, बहुधा तीन किंवा चार. मालक म्हणतो, "सहा जण राहा, लीजवर तिघांचीच नावं." हे कधीच मान्य करू नये. तपासणी आली तर बाकीच्यांना बाहेर पडावं लागतं आणि त्यांच्या हातात कागद नसतो. 1978 पूर्वीच्या घराला मालकाने शिशाच्या रंगाबद्दलची माहिती लेखी द्यावी असा देशभराचा कायदा आहे. तो कागद न देणारा मालक बाकीच्या बाबतीतही ढिलाच निघतो, हा आमचा अंदाज सहसा चुकत नाही.

घर पाहताना, किंवा तिथल्या कुणाला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगताना, हॉलमध्ये वेळ घालवू नका. हीटिंग कशावर आहे ते बघा. भिंतीच्या तळाशी लांबट इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर दिसले तर जानेवारी-फेब्रुवारीचं वीजबिल भाड्याच्या गणितात धरावंच लागेल. गेल्या हिवाळ्यातली दोन बिलं मागा, किंवा वीज कंपनीला पत्ता सांगून सरासरी विचारा. मग शेगडीवरचा पंखा चालू करून त्याच्या तोंडाशी टिश्यूचा कागद धरा. कागद जाळीला चिकटला तर हवा ओढली जातेय, पण ती बाहेर जातेय का हेही पाहा. मायक्रोवेव्हखालचे बरेच पंखे तीच हवा गाळून वरच्या फटीतून तुमच्याच तोंडावर सोडतात. अशा स्वयंपाकघरात मोहरी तडतडली की स्मोक डिटेक्टर बोंबलतो, आणि वैतागून तो काढून ठेवला तर दंड होतो.

अंतर नकाशावर मोजून भागत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या इथाकामध्ये एक किलोमीटर म्हणजे कधीकधी सरळ चढ, आणि डिसेंबरात तोही बर्फातला. बसचं वेळापत्रक रविवारचं आणि सुट्टीतलं बघावं. सेमिस्टर संपलं की विद्यापीठाच्या बसफेऱ्या धडाधड कमी होतात. लॅबमध्ये काम करणारे पीएचडीवाले इथेच फसतात.

गट, सबलीज आणि फसवणूक

फेसबुक-व्हॉट्सॲपचे गट स्वस्त सबलीजसाठी उत्तम आहेत, विशेषतः मे ते ऑगस्टसाठी, कारण तेव्हा गाव रिकामं होतं आणि भाव पडतात. पण सबलीजमध्ये मूळ भाडेकरूची जबाबदारी सुटत नाही, आणि मालकाची लेखी संमती नसेल तर तुम्हाला बाहेर पडावं लागू शकतं. संमतीचा ईमेल मालकाच्या पत्त्यावरून आलेला हवा. स्क्रीनशॉट चालणार नाही.

फसवणुकीचा साचा ठरलेला असतो. भाव गावापेक्षा थोडा कमी, मालक परदेशी, किल्ली कुरिअरने, डिपॉझिट आजच झेलवर (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवण्याची अमेरिकी सेवा) किंवा गिफ्ट कार्डाने. झेलवरून आपण होऊन पाठवलेले पैसे परत मिळणं जवळपास अशक्य. तपासायला अर्धा तास पुरतो. फोटो उलट शोधात टाकून तो आणखी कुठे वापरलाय ते बघा. मग काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मालमत्ता मूल्यांकनाच्या संकेतस्थळावर पत्ता टाका. अनेक काउंट्यांत मालकाचं नाव फुकट दिसतं. नाव जुळत नसेल तर मॅनेजमेंट कंपनीचा फोन तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, जाहिरातीतला नाही.

मोठ्या लिस्टिंग संकेतस्थळांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भावांचा अंदाज घ्यायला बरी. कॉलेजगावातली चांगली घरं मात्र तिथे येण्याआधीच जातात. मॅडिसनसारख्या ठिकाणी पुढच्या ऑगस्टची घरं आदल्या शरद ऋतूतच फिरू लागतात. तुमचा प्रवेश मार्चमध्ये झाला असेल तर घाबरून पहिली मिळेल ती लीज धरू नका. वसंतात सबलीज आणि उरलेली घरं निघतात.

पैसे परत मिळण्याबद्दल

डिपॉझिटचे नियम राज्यागणिक वेगळे. न्यूयॉर्कमध्ये एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, 14 दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि पार्श्वभूमी तपासणीचं शुल्क 20 डॉलरच्या वर नेता येत नाही. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून बहुतेक मालकांना एकाच महिन्याचं डिपॉझिट घेता येतं, आणि ते 21 दिवसांत परत करायचं असतं. मिशिगनमध्ये कमाल दीड महिना. तिथे राहायला आल्यावर मिळणारा तपासणी तक्ता 7 दिवसांत भरून द्यायचा असतो. तो भरताना शेगडीच्या बर्नरखालच्या ताटल्या, फ्रिजच्या दाराचं रबर, खिडक्यांच्या जाळ्या, पट्ट्यांच्या पडद्यातल्या मोडक्या पट्ट्या आणि सिंकखालचं लाकूड यांचे फोटो घ्या. कापून घेतलेल्या डिपॉझिटमध्ये याच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

सोडून जाताना नवा पत्ता लेखी द्यावा. मिशिगनमध्ये त्यासाठी घर सोडल्यापासून चारच दिवस असतात, आणि टेक्ससमध्ये तो लेखी मिळेपर्यंत डिपॉझिट परत करायला मालक बांधील नसतो. एकत्र लीज असेल तर मालक पाचही नावांचा एकच चेक काढू शकतो. तोवर दोघं भारतात परतलेले असतात, आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय बँक तो चेक घेत नाही. चेक कुणाच्या नावाने निघणार ते घर सोडण्याआधी मालकाला ईमेलवर सांगून ठेवा, आणि परतणाऱ्याने चेक वटेपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नये.