शोरूम की गल्लीतला मेकॅनिक: वॉरंटी संपल्यावर गाडी कुठे टाकावी?

वॉरंटी चालू असेल तर हा प्रश्नच नाही. गाडी शोरूमला टाकायची, बिलं फायलीत ठेवायची आणि गप्प बसायचं. पंचाईत होते ती त्यानंतर. माझी दीडशे सीसीची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची, सेन्सरवाली) मोटरसायकल रोज पुण्यात वारजे-हिंजवडी करते आणि महिन्यातून एकदा खंबाटकी घाट ओलांडून गावी जाते. वॉरंटी संपल्यावरही वर्षभर मी शोरूम सोडलं नव्हतं. आता दीड वर्ष झालं, गाडी घराजवळच्या गॅरेजवाल्याकडे जाते. दोन्हीकडचं पाणी प्यायलोय, म्हणून बोलतो.

आधी पैशांचं, कारण सगळे तेच विचारतात. शोरूमचं माझं साध्या सर्व्हिसचं शेवटचं बिल २,६८० रुपये होतं आणि गॅरेजचं साधारण ११५० होतं, ऑइल धरून. (शोरूमचं बिल जुनं आहे. तेव्हा पार्टवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय. तेवढं वजा धरा.) पण त्या २,६८० मध्ये इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), टेफ्लॉन कोटिंग (रंगावरचं पॉलिश) आणि 'कन्झ्युमेबल्स' नावाचं एक गूढ धरलं होतं. गाडी देतानाच 'हे तीन नकोत' असं जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या यादीवर, लिहून घेतलं की सहाएकशे रुपये वाचतात, आणि कोणी वादही घालत नाही. त्यामुळे पैशांसाठी शोरूम सोडलं असं म्हणालो तर ते खोटं होईल.

शोरूमचं एक मात्र मानायला हवं. एका पावसाळ्यात इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. त्यांनी स्कॅनर लावला आणि पंधरा मिनिटांत सांगितलं, ऑक्सिजन सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. आमच्या गॅरेजवाल्याने यात दोन दिवस घालवले असते. कार्ब्युरेटर त्याला आवाजावरून कळतो, सेन्सरपुढे त्याचं काही चालत नाही.

मग सोडलं कशामुळे? दुपारच्या फोनमुळे.

ज्यांनी शोरूमला गाडी टाकली आहे त्यांना हा फोन माहीत असेल. एक-दीडला येतो, नेमका मीटिंगमध्ये. "सर, चेन किट गेलंय, क्लच प्लेटपण बघावी लागेल. करून टाकू का?" आपण दबक्या आवाजात, न बघितलेल्या चेनबद्दल, न भेटलेल्या माणसाच्या सांगण्यावरून अर्ध्या मिनिटात दोन-तीन हजारांचा निर्णय द्यायचा. नाही म्हणावं तर 'घाटात तुटली तर?' हे मनात येतंच.

आणि फोन करणाऱ्यानेही चेन बघितलेली नसते. काउंटरवर मी सविस्तर सांगितलं होतं, "समोरचा ब्रेक सकाळी पहिल्यांदा दाबला की कुईं करतो, गरम झाला की थांबतो." जॉबकार्डवर त्याचं झालं 'ब्रेक चेक'. ज्याच्याशी बोललो तो गाडी खोलत नाही, जो खोलतो तो काचेपलीकडे, आणि तिकडे जायला मनाई. त्या दिवशी मी हो म्हणालो. संध्याकाळी जुनी चेन मागितली तर "स्क्रॅपला गेली सर". चेन खरंच गेलीही असेल. माझी तक्रार एवढीच, की ती मला दाखवली असती तर मी खुशीने पैसे दिले असते. कुईं आवाज मात्र तसाच घरी आला.

गॅरेजवाला संत आहे असं मुळीच नाही. 'उद्या संध्याकाळी' म्हणजे परवा रात्री. गावची जत्रा आली की चार दिवस शटर खाली. बिल मागितलं तर डायरीचा कागद फाडून देतो, त्यामुळे गाडी विकताना दाखवायला काही नाही. एकदा तर कागदी एअर फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारायला निघाला होता. माझ्या गाडीचा कागदी फिल्टर तेलाने भिजवलेला असतो, तो हवा मारून साफ होत नाही, वाया जातो. मी अडवलं तेव्हा हसला, पण पुन्हा तसं केलं नाही. पार्ट मीच नेतो, कंपनीच्या काउंटरवरून किंवा नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून, आणि पाकीट त्याच्यासमोर फोडतो. ऑइलच्या डब्यावर जासो एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलची खूण) लिहिलंय का तेही बघतो. कारचं ऑइल पडलं तर क्लच घसरायला लागतो. एवढी कटकट करायची तयारी नसेल, सकाळी चावी देऊन संध्याकाळी धुतलेली गाडी हवी असेल, तर शोरूमच बरं, मी अडवणार नाही. एबीएसचा किंवा इंजिनचा दिवा लागला तर मी स्वतःही तिकडेच जाईन.

पण रोजच्या कामाला, म्हणजे ऑइल, चेन, टॅपेट, ब्रेक यांना, मला तरी शेजारी स्टूल टाकून बसता येईल अशीच जागा बरी वाटते. शनिवारी आठला जातो, कारण नऊनंतर नंबर लागतो. शोरूमने बसवलेल्या चेनबद्दल मी त्याला विचारलं, तेव्हा त्याने मागच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) ती बोटाने मागे ओढून दाखवली. "दात उघडा पडतोय का? नाही ना? मग अजून आरामात चालंल दादा. अर्धा दात दिसाय लागला की सांगा."

त्याच दिवशी ब्रेकचंही बोललो. त्याने काही लिहून घेतलं नाही. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) खोलला आणि न मागता दोन्ही जुने पॅड माझ्या हातावर ठेवले. एक पत्र्यापर्यंत झिजलेला, दुसरा निम्म्याहून जास्त शिल्लक. कॅलिपरची पिन गंजून अडकली होती, म्हणून एकच पॅड सारखा घासत होता. पिन घासून ग्रीस लावलं आणि नवे पॅड टाकले. मजुरीचे ऐंशी रुपये घेतले, आणि चहा मीच पाजला.