डिस्ने फँटसीवरची थीम रेस्टॉरंट्स: काही महिने उलटल्यावर

परतल्या परतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता फोटो पाठवून झालेत आणि क्रेडिट कार्डाचं बिलही पचलंय. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनॅव्हरलहून डिस्ने फँटसी या जहाजावरची सात रात्रींची क्रूझ; आम्ही दोघं, मुलं आणि नाशिकहून आलेले आई-बाबा. केबिन आणि बेटांबद्दल ढिगाने लिहिलेलं सापडेल, मी फक्त जेवणाबद्दल बोलते.

जहाजावर रात्रीच्या जेवणाची तीन थीम रेस्टॉरंट्स आहेत: ॲनिमेटर्स पॅलेट, एन्चँटेड गार्डन आणि रॉयल कोर्ट. कुठल्या रात्री कुठे जेवायचं ते आधीच ठरलेलं असतं. गंमत अशी की जागा बदलते, पण टेबल नंबर तोच राहतो आणि वाढणारी मंडळीही तुमच्याबरोबर फिरतात. बुकिंग करताना हे मला किरकोळ वाटलं होतं. आज विचाराल तर थीमपेक्षा याचेच पैसे वसूल झाले म्हणेन. दुसऱ्या रात्रीपासून धाकट्याचं दूध न सांगता येत होतं आणि बाबांच्या पुढ्यात बर्फ नसलेलं पाणी.

थीम म्हणून पहिला नंबर ॲनिमेटर्स पॅलेटचा. लोण्याची सुरी रंगाच्या ब्रशसारखी, खुर्च्यांच्या पाठी मिकीच्या लाल चड्डीसारख्या, भिंतींवर व्हिडिओचे पडदे. पहिल्या खेपेला पडद्यावरचा ‘फाइंडिंग निमो’मधला क्रश कासव टेबलांशी थेट गप्पा मारतो. खरी मजा दुसऱ्या खेपेला. प्रत्येकाला एक कागद आणि जाड मार्कर देतात, ठरलेल्या चौकटीत एक माणूस काढायचा आणि खाली सही करायची. बाबा आधी ‘मला कुठे चित्रं येतात’ म्हणून हात आखडून बसले, मग नातीच्या हट्टापायी टोपी-धोतरातला एक काटकुळा गृहस्थ काढला. जेवण संपता संपता तोच गृहस्थ डिस्नेच्या जुन्या पात्रांच्या घोळक्यात पडद्यावर नाचायला लागला! शेवटच्या नामावलीत बाबांची देवनागरी सही झळकली तेव्हा आई टाळ्या वाजवत उभीच राहिली. तो व्हिडिओ आमच्याकडे अजून आठवड्यातून एकदा तरी लागतो.

एन्चँटेड गार्डनची कल्पना व्हर्सायच्या बागांवरून घेतलेली. छत हळूहळू दिवसाचं रात्रीत बदलतं, वरच्या फुलांच्या दिव्यांच्या पाकळ्या उमलतात. छान आहे, शांत आहे, पण मुलांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि विषय संपला. रॉयल कोर्ट राजकन्यांचं. माझ्या मुलीचं ते वय सरलंय, त्यामुळे आमच्यासाठी ते नुसतं झगमगीत हॉटेल. पायरेट नाइटला मात्र तुम्ही कुठेही बसा, मेन्यू चाच्यांचाच असतो. बाबा लाल रुमाल डोक्याला बांधून जेवले, याउपर काय सांगू.

आता आपला जिव्हाळ्याचा मुद्दा: शाकाहार. छापील मेन्यूत शाकाहारी पदार्थ असतात, पण आई-बाबांना रोज पास्ता कसा चालायचा? आदल्या रात्री वाढणाऱ्यांना सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी भारतीय शाकाहारी जेवण करून देतात, वेगळे पैसे पडत नाहीत. डाळ, भात, पनीर, एखादी सुकी भाजी. डाळ आपल्या वरणाच्या जवळपासही जात नाही, थोडी पंजाबी वळणाची, पण गरम आणि तिखट मागितलं तर तिखट. आमच्या भागाच्या मुख्य वाढप्याच्या बिल्ल्यावर ‘इंडिया’ दिसलं, चौकशी केली तर गोव्यातल्या सासष्टीचा निघाला, घरात दोन पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. आई मराठीत बोलायची, तो कोंकणीत उत्तर द्यायचा, आणि चौथ्या रात्री टेबलावर न मागता लोणचं आलं.

वेळा दोनच: पावणेसहा किंवा सव्वाआठ. पावणेसहाला आपल्याकडे चहाची कपबशीसुद्धा विसळून झालेली नसते, म्हणून आम्ही सव्वाआठ घेतली. त्यात एक सोय आहे: लहान मुलांना आधी वाढतात आणि नऊच्या सुमारास किड्स क्लबची माणसं येऊन त्यांना टेबलावरूनच घेऊन जातात. तीन वर्षांपुढच्या लहान मुलांसाठी आहे, नाव आधी नोंदवावं लागतं. मोठ्यांना शेवटचा गोडाचा पदार्थ निवांत खाता येतो. आमचा धाकटा मात्र दोनदा सूप येण्याआधीच पेंगला. मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर निमूट पावणेसहा घ्या आणि दहा वाजता भूक लागली तर रूम सर्व्हिस मागवा, ती चोवीस तास असते.

पालो हे फक्त मोठ्यांसाठी असलेलं वेगळ्या पैशांचं रेस्टॉरंट. आम्ही गेलो नाही. आई-बाबांना घेऊन आलेल्यांनी त्यापायी कुटुंबाची एक रात्र घालवू नये, असं माझं मत.

आणि तीन-चार रात्रींच्या क्रूझचा विचार करत असाल तर एवढं धरून चाला: तेवढ्यात प्रत्येक रेस्टॉरंटची पाळी साधारण एकदाच येते. वाढणाऱ्यांशी ओळख जमेपर्यंत बॅगा दाराबाहेर ठेवायची, म्हणजे शेवटची, रात्र येऊन ठेपते.