ख्रिसमस ट्री वर्म की फेदर डस्टर?

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, पिसाऱ्याचा कृमी हवा असेल, तर या दोघांपैकी कोणता याबद्दल माझं मत आधीच सांगते: पहिल्यांदा फेदर डस्टर घ्या.

ख्रिसमस ट्री वर्म दिसतो मोहक. निळे, पिवळे, केशरी असे दोन-दोन गोल फिरत गेलेले तुरे. सावली पडली की क्षणात आत, आणि वर झाकण बंद. पण त्याची चुन्याची नळी जिवंत पोराइट्स प्रवाळात रुतलेली असते. म्हणजे तुम्ही कृमी नाही, प्रवाळ सांभाळत असता. त्याला भरपूर प्रकाश, जोरदार प्रवाह, ४०० ते ४५० पीपीएम कॅल्शियम आणि स्थिर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) लागते. प्रवाळ मेलं की उघड्या दगडावर शेवाळ चढतं आणि बहुतेक वेळा कृमीही हळूहळू संपतात. नळी सोडून दुसरीकडे बस्तान बसवणं त्यांना जमत नाही.

फेदर डस्टरची नळी चामड्यासारखी, लवचीक. त्रास झाला तर तो तुरा टाकून देतो; लगेच मेला समजून फेकू नका, तुरा पुन्हा येतो. वेळ पडल्यास नवी नळीही बांधतो. प्रकाशाची त्याला गरज नाही.

खाणं दोघांचं सारखंच: पाण्यात तरंगणारं फायटोप्लँक्टन (सूक्ष्म वनस्पतीसारखे जीव), थोडं-थोडं पण नियमित. अगदी चकचकीत, नव्या टँकमध्ये दोघेही उपाशी मरतात.

आणखी एक. भारतात पोराइट्ससारख्या दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून असा दगड उचलणं गुन्हा आहे. ते तुरे तिथे पाण्यात उतरूनच पाहावेत.