सेलिब्रिटींचा वकील व्हायचंय? किल्ला कोर्ट की करारांचं टेबल

एलएलबीच्या शेवटच्या वर्षातली बरीच मुलं सांगतात, ‘सेलिब्रिटींच्या केसेस करायच्यात.’ डोळ्यांसमोर असतात सिनेतारकांचे खटले लढवणारे वकील सतीश मानेशिंदे: काळा कोट, तोंडासमोर माइकांची गर्दी. पण नटाला अटक झाल्यावर धावणारा वकील वेगळा आणि त्याच नटाचा करार तपासणारा वेगळा. हे दोन स्वतंत्र धंदे आहेत, आणि कुठला निवडायचा हे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात पडण्याआधी ठरलेलं बरं.

आधी फौजदारी. ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयाने हिट अँड रन खटल्यात सलमान खानला ५ वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयातून २ दिवसांचा अंतरिम जामीन मिळाला. लोक म्हणाले, पैशाचा खेळ. पैसा होताच. पण कोर्टात चाललेला मुद्दा साधा होता: सविस्तर निकालाची प्रतच अजून मिळालेली नाही. हे ऐनवेळी सुचायला आणि काही तासांत अर्ज उभा करायला आधी कित्येक वर्षं नाव-गाव नसलेल्या आरोपींचे जामीन करावे लागतात. मानेशिंदेसुद्धा ज्येष्ठ फौजदारी वकील राम जेठमलानींच्या हाताखाली घडले.

शाहरुखचा मुलगा आर्यन खानचं ड्रग्ज प्रकरण तर ज्युनिअरने मुळापासून वाचावं. ३ ऑक्टोबर २०२१ ला अटक. दंडाधिकाऱ्यांकडे जामीन नाही, विशेष न्यायालयातही नाही. २८ ऑक्टोबरला उच्च न्यायालयात मिळाला. तरी सुटका ३० तारखेला, कारण कागद आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत (जामिनाचे आदेश टाकायच्या पेटीत) वेळेत पोचले नाहीत. टीव्हीवर सीनिअरचा युक्तिवाद गाजतो. जामीनदार, शिक्के, प्रमाणित प्रत आणि घड्याळ या सगळ्यामागे पळतो तो ज्युनिअर, आणि पहिली काही वर्षं तो तुम्ही असता.

करारांच्या टेबलावर असा थरार नाही. तिथे मजा बारीक अक्षरांत आहे. निर्मात्याच्या करारात ‘कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत’ हे शब्द उगाच नसतात. कॉपीराइट हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा बांधला, की तो निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. हे माहीत असलेला वकील नवख्या गीतकाराचं आयुष्य बदलू शकतो, आणि पेपरात त्याची एक ओळही येत नाही.

या बाजूलाही कोर्ट आहे, मात्र दिवाणी. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, चेहरा आणि चक्क त्यांचं गाजलेलं ‘झकास’सुद्धा परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयवरून होणारी नक्कल रोखली. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत काम वाढणार ते इथेच. नटांच्या अटका काही दर महिन्याला होत नाहीत.

पैशाचं स्पष्ट बोलू. करार बघणाऱ्या लॉ फर्ममध्ये पहिल्या महिन्यापासून पगार. फौजदारी चेंबरमध्ये सीनिअर देईल ते. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. मुंबईत भाड्याची खोली घेऊन राहणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. आणि ‘स्टार सुटला तर अमुक टक्के’ असली फी कुठल्याच बाजूला घेता येत नाही, जाहिरातही करता येत नाही.

एक खाच मुलांच्या लक्षातच येत नाही. ओटीटी कंपनीत किंवा स्टुडिओत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर सनद स्थगित करावी लागते. शिवाय मे २०२५ पासून दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान ३ वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. त्यामुळे जेएमएफसीचा (याच परीक्षेतून मिळणाऱ्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाचा) विचार मनात असेल तर तसली नोकरी आत्ताच नको.

माझा कल विचाराल तर पहिली तीन वर्षं कोर्टात काढा. उलटतपासणी बघितलेला माणूस करारातलं कुठलं कलम उद्या भांडणात टिकेल हे लवकर ओळखतो. दहा वर्षं फक्त करार लिहिलेल्याला रिमांडला, म्हणजे आरोपीच्या कोठडीच्या सुनावणीला, उभं राहणं जड जातं. अर्थात घरी तुमच्या पगाराची वाट बघणारं कुणी असेल, तर हा सल्ला बाजूला ठेवून खुशाल फर्म गाठा.

निर्णय होत नसेल तर एखाद्या दुपारी किल्ला कोर्टात (मुंबईच्या फोर्टमधल्या दंडाधिकारी न्यायालयात) मागच्या बाकावर बसून रिमांड ऐका. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एखाद्या कलाकाराचा करार मागून घ्या आणि पेन्सिल घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. ज्या दिवशी घड्याळाकडे कमी वेळा बघाल, तिकडे अर्ज करा.