गोळ्या की पिशवी साफ करणं: दुखण्याच्या अंगाने पाहिलं तर

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून नऊ आठवडे झाले नसतील, तर गर्भपातासाठी सहसा दोन वाटा असतात: गोळ्या, किंवा दवाखान्यात गर्भाची पिशवी साफ करून घेणं. दुखतं दोन्हींत. किती वेळ दुखेल, कुठे आणि तेव्हा जवळ कोण असेल, एवढं पाहून ठरवा.

गोळ्यांत पहिली मिफेप्रिस्टोनची. तिने बहुतेकींना फारसं काही होत नाही. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर साधारण एक ते चार तासांत कळा सुरू होतात आणि गर्भ पडेपर्यंत वाढत जातात. ओटीपोट, कंबर, कधी मांड्याही भरून येतात. रक्ताच्या गाठी पडतात, थंडी वाजते, जुलाब होतात. पहिलटकरणींना, पाळीतही खूप दुखणाऱ्यांना आणि आठवडे जास्त असतील त्यांना त्रास अधिक. "पाळीसारखंच दुखेल" एवढंच सांगून घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण मग घाबरलेली बाई रात्रभर एकटीच काहीतरी बिघडलंय असं समजत बसते. जोराच्या कळा बहुधा काही तासांत ओसरतात. थोडंथोडं अंगावरून जाणं मात्र दोन आठवडेही चालतं.

या कळांवर पॅरासिटामॉलपेक्षा आयबुप्रोफेन चांगलं चालतं आणि त्याने गर्भपाताच्या गोळ्यांचा असर कमी होत नाही. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही घ्या.

पिशवी साफ करायला पाच-दहा मिनिटं लागतात. गर्भाशयाच्या तोंडाशी भुलीचं इंजेक्शन देतात, तरी शेवटी पिशवी आवळते तेव्हा जोराची कळ येते. मग बहुतेकींचं दुखणं लवकर उतरतं. पद्धत व्हॅक्यूमची, म्हणजे नळीने ओढून घेण्याची आहे ना, हे विचारून घ्या. खरवडून काढण्याची जुनी पद्धत वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दोन खोल्यांचं घर, सासरची माणसं, लहान मूल, सामाईक संडास असेल तर मी दवाखानाच सुचवेन. घरी बहीण किंवा नवरा खरोखर सोबत राहणार असेल, आतून उपकरण घालून घ्यायला नको वाटत असेल, तर गोळ्या. पण रात्री-अपरात्री गाडी मिळेल का, जवळचं रुग्णालय कोणतं, हे आधी ठरवून ठेवा. शंभरात काही जणींना गोळ्यांनंतरही पिशवी साफ करावी लागते.

गर्भ पिशवीऐवजी गर्भनलिकेत असेल तर या गोळ्या चालत नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्याच. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठी पॅड भिजली, औषधानेही कळा थांबेनात, एकाच बाजूला तीव्र दुखलं, चक्कर आली किंवा ताप दिवसभरानंतरही उतरला नाही, तर लगेच रुग्णालयात जा.

वय अठरा पूर्ण असेल तर संमतीची सही फक्त तुमची लागते. नवऱ्याची मागितली, तर कायद्यात तशी अट नाही असं सांगा.